निळ्या पेशींची मोजणी

बँकेच्या नोकरीत नजरगहाण मालाची तपासणी मी शेकडो वेळा केली असेल. सिमेंटची पोती मोजली, कांद्याच्या चाळीत नाकाला रुमाल लावून उभा राहिलो, कर्जाऊ घेतलेल्या म्हशींच्या कानांतले बिल्ले वहीशी ताडून पाहिले. पण डोळ्यांना न दिसणारा माल मोजायची वेळ एकदाच आली, आणि तीही ऐन मार्चअखेरीला.

२००८ सालची गोष्ट. निफाड तालुक्यातल्या एका शाखेचा मी व्यवस्थापक होतो. सकाळी दहाच्या सुमारास एका खातेदाराचा फोन आला. आवाज पार उतरलेला. म्हणाले, "साहेब, टाकी बसली."

माझ्या डोळ्यांपुढे खचलेला पाया उभा राहिला. दहा हजार लिटरची स्टेनलेस स्टीलची टाकी, आमच्याच कर्जातून घेतलेली. ती कलंडली असेल तर विम्याचे काय, हा पहिला विचार आला. (माणसाला इजा झाली का, हा दुसरा. बँकेत तीस वर्षे काढली की विचारांचा क्रम असा होतो.) जीपमधून धावत गेलो, तर टाकी जागेवर सरळ उभी. बसले होते ते टाकीच्या आतले. द्राक्षांच्या रसाची वाइन होता होता मध्येच थांबली होती. बुडबुडे बंद. रसातली साखर लिटरमागे तीसेक ग्रॅमच्या आसपास येऊन अडली होती आणि तीन दिवस तिथून हलत नव्हती.

त्या काळाची थोडी आठवण करून द्यायला हवी. गंगापूर धरणाच्या बाजूला 'सुला'ने १९९९-२००० च्या सुमारास जे सुरू केले, ते पाहून नाशिक जिल्ह्यात वाइनचे वारे सुटले होते. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, अबकारी शुल्कात सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क झाले. टेबलावरच्या द्राक्षांत वर्षानुवर्षे गारपीट, भुरी आणि व्यापाऱ्यांची बुडवाबुडवी सोसलेल्या बागायतदारांना वाटले, हा मार्ग बरा. आम्हां बँकवाल्यांनाही बरा वाटला. त्या वायनरीच्या कर्जप्रस्तावावर शिफारशीची सही माझी होती.

टाकी बसण्याचे कारण साधे होते. भारनियमन. लाइट गेली, जनरेटर सुरू होईना, मिस्त्री पिंपळगावहून येईपर्यंत रात्र उलटली. रस आंबताना स्वतःच तापतो. टाकीभोवती गार पाणी फिरते राहिले नाही तर उष्णता जायची कुठे? पहाटे पारा अडतीसवर होता.

वायनरीत एक तरुण मुलगी कामाला होती. पुण्याहून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली. मालक तिला 'ताई' म्हणत, ती मला 'काका'. कोपऱ्यातल्या टेबलावर तिचा सूक्ष्मदर्शक होता. टाकीतला थेंबभर रस तिने निळ्या रंगाच्या द्रावणात मिसळला, चौकोन आखलेल्या काचेवर ठेवला आणि मला म्हणाली, "बघा काका. निळ्या दिसतात त्या मेलेल्या. बिनरंगाच्या आहेत त्या जिवंत."

मी डोळा लावला. आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग साबुदाण्यासारखे गोल, लांबट दाणे. कुणाला बाजूला छोटी कळी फुटलेली. यीस्ट, म्हणजे शुद्ध मराठीत किण्व, मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. तोवर त्याच्यावर लाखो रुपये उधार देऊन झाले होते. मिथिलीन ब्लू हा रंग सगळ्याच पेशींत शिरतो, पण जिवंत पेशी त्याचा रंग घालवून टाकते. मेलेलीला ते जमत नाही, ती निळी राहते. इतकी स्वच्छ वसुलीयोग्य आणि बुडीत अशी वर्गवारी मी कुठल्याही खतावणीत पाहिलेली नव्हती.

नाशिककराच्या आयुष्यात यीस्ट नवे नाही. मिसळीबरोबरचा पाव त्याच्यामुळे फुगतो. पेठ-सुरगाण्याकडे मोहाची फुले भिजत घालतात, त्या मडक्यात तेच काम करते. साखर खायची, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा. आंबत्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये दहा कोटीपर्यंत पेशी असू शकतात. म्हणजे चमचाभरापेक्षाही कमी रसात त्या वेळच्या अख्ख्या महाराष्ट्राएवढी वस्ती. आपल्याला वाटते, गोडाच्या समुद्रात त्यांची चैन चाललेली असेल. ताईने त्या दिवशी मला समजावले ते उलटेच होते. वाइनच्या टाकीत यीस्टवर पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एकामागून एक संकटेच येत असतात.

पहिले संकट साखरेचेच. द्राक्षाच्या रसात लिटरला दोनशेहून अधिक ग्रॅम साखर असते. त्यात पडताक्षणी पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. लोणच्याच्या फोडीला मीठ लावल्यावर पाणी सुटते ना, अगदी तसेच. पेशी आक्रसते. काही मिनिटांत तिच्या आत निरोप फिरतो, हॉग-वन नावाचे एक प्रथिन केंद्रकात जाऊन पोहोचते आणि पेशी ग्लिसरॉल तयार करू लागते. ग्लिसरॉल बाहेर जाण्याची वाटही ती बंद करून घेते. आत ग्लिसरॉल साठले की पाणी पुन्हा आत राहू लागते. वाइनमध्ये लिटरला पाच ते दहा ग्रॅम ग्लिसरॉल सापडते, त्यात या पहिल्या धक्क्याचाही वाटा असतो. चवीने पिणाऱ्यांनी तो कधी ओळखला असेल असे वाटत नाही.

पुढे साखर कमी होते तसे अल्कोहोल वाढते, आणि आपणच सोडलेल्या अल्कोहोलने पेशीचे आवरण झिरपू लागते. ते डागडुजी करून घट्ट ठेवायला लागणारे पदार्थ बनवायला प्राणवायू हवा, तो बंद टाकीत नाही. नत्र संपत आलेले. म्हणून टाकीत मापाने डीएपी टाकतात. खाण्याच्या प्रतीचा असतो, पण डीएपीच. मालक तेवढ्या तणावातही म्हणाले होते, "आम्ही वेलीला घालतो, ताई टाकीला घालते. दुकानदार एकच पाहिजे होता, उधारी तरी एका जागी झाली असती." आणि या सगळ्यावर ती अडतीस अंशांची रात्र.

उष्णतेने पेशीत काय होते, हे शोधण्याचा इतिहास मी नंतर वाचला. निवृत्त माणसाला वाचायला वेळ असतो. प्रत्येक प्रथिनाची एक घडी असते. तापले की ती मोडते आणि प्रथिने एकमेकांना चिकटून गोळा होतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग म्हणजे तेच. १९६२ साली रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाने फळमाश्यांच्या पेशींत पाहिले, की उष्णता वाढल्यावर गुणसूत्रांवर नव्याच जागी फुगवटे येतात, म्हणजे एरवी झोपलेली जनुके जागी होतात. पुढे अमेरिकेत सुसान लिंडक्विस्ट यांनी यीस्टवर काम केले. यीस्ट एकदम पन्नास अंशांत टाकले तर बहुतेक मरते. पण आधी थोडा वेळ सदतीस अंशांत ठेवून मग पन्नासात टाकले, तर त्यातले पुष्कळ वाचते. त्या मधल्या वेळात पेशी मोडलेल्या घड्या सोडवणारी प्रथिने तयार करून ठेवते. १९९० साली लिंडक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्यांतल्या एकाचे, एचएसपी-१०४ चे, जनुक काढून टाकून पाहिले. तसे यीस्ट आधी ऊब देऊनही शंभर ते हजारपट वेगाने मेले.

त्यानंतर १९९६ साली यीस्टची सगळी जनुके, सुमारे सहा हजार, वाचून झाली. पेशीत केंद्रक असलेल्या सजीवांत हा मान सर्वांत आधी यीस्टला मिळाला. २००० साली स्टॅनफर्डच्या लोकांनी यीस्टला उष्णता, खारटपणा, उपासमार असे नाना प्रकारे छळून कोणती जनुके जागी होतात आणि कोणती झोपतात, ते एकत्र मांडले. मला यातले सर्वांत विलक्षण वाटले ते हे, की संकट कुठलेही असो, सुमारे नऊशे जनुकांचा प्रतिसाद जवळपास सारखाच होता. त्यांतली सहाशेच्या आसपास मंदावतात, आणि ती मुख्यतः वाढीची. उरलेली तीनशे जागी होतात, ती दुरुस्तीची आणि साठवणीची. वाढ थांबवणे हे पेशीच्या संकटातल्या पहिल्या कामांपैकी एक. आमच्या धंद्यात वाढ थांबवणे ही मुळात संकटाची व्याख्या होती, त्यामुळे हे वाचताना मी जरा थबकलो.

आणि उपासमार? तिथे ओसुमी येतात. योशिनोरी ओसुमी १९८८ साली टोकियोत स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. म्हणजे बँकेत या वयाला माणूस पुढच्या बढतीची आशा सोडून मुलांच्या प्रवेशाच्या मागे लागतो. स्पर्धेत धावण्याचा त्यांचा पिंड नव्हता. कोणी फारसे बघत नव्हते अशी जागा त्यांनी निवडली, ती म्हणजे यीस्टच्या पेशीतली रिक्तिका. पेशीचा उकिरडा अशीच तिची ख्याती होती. पेशी उपाशी राहिली की आपल्यातलेच जुने सामान तिथे नेऊन मोडीत काढते, असा अंदाज होता. 'ऑटोफॅजी', म्हणजे स्वतःला खाणे, हा शब्दही १९६३ पासून होता. पण यीस्टमध्ये ते दिसणार कसे? रिक्तिकेत आलेला माल लगेच पचून जातो. ओसुमींनी युक्ती केली. पचवणारी विकरेच ज्यांच्यात नाहीत असे यीस्ट घेतले आणि त्याला उपाशी ठेवले. चूल विझवली की शिधा साठून दिसेल, असा हिशेब. काही तासांत रिक्तिका छोट्या छोट्या गोळ्यांनी भरून गेली आणि ते गोळे आत नाचताना साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. मग हजारो बिघडलेल्या यीस्टमधून, ज्यांना स्वतःला मोडीत काढता येत नाही अशी यीस्ट त्यांनी वेचली. १९९३ साली त्यांनी या कामाला लागणारी पंधरा जनुके दाखवून दिली. ज्या पेशींना हे जमत नव्हते, त्या उपासमारीत लवकर मेल्या. तीच यंत्रणा माणसाच्या पेशीतही निघाली. २०१६ चे वैद्यकाचे नोबेल ओसुमींना एकट्याला मिळाले.

मला ते समजायला फार कष्ट पडले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात सिन्नरकडच्या आमच्या घरातले तांब्याचे घंगाळ आधी गेले, मग पितळेच्या घागरी. तांबडी मिलो आणि सुकडी यांवर वर्ष निघाले. आईने देवघरातली समई मात्र शेवटपर्यंत मोडीत दिली नाही. पेशीलाही काय आधी मोडायचे आणि काय राखायचे याचा काही विवेक असतो, असे शास्त्रज्ञ सांगतात.

आपल्याकडेही या जातीचे काम झाले आहे, आणि ते पुण्यात. अदिती पंत हे नाव अनेकांना अंटार्क्टिकामुळे ठाऊक आहे. १९८३-८४ च्या भारतीय मोहिमेतून तिथे गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. मूळच्या सागरशास्त्रज्ञ. पुढे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असताना त्यांनी स्मिता झिंजर्डे आणि मुकुंद देशपांडे यांच्याबरोबर मुंबईजवळच्या तेलकट, घाण झालेल्या समुद्राच्या पाण्यातून मिळालेल्या एका यीस्टचा अभ्यास केला. यारोविया लिपोलिटिका हे त्याचे नाव. १९९८ साली त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला, त्याचा विषय हे यीस्ट रूप कसे बदलते हा होता. परिस्थितीप्रमाणे ते कधी गोल दाण्यांसारखे असते, तर कधी बुरशीसारखे लांब तंतू काढते. खनिज तेल, जे बाकीच्यांना विष, ते याचे अन्न. तेलाचे बारीक थेंब करणारा पदार्थ ते स्वतः सोडते आणि त्या थेंबांना चिकटून बसते. झिंजर्डे पुढे पुणे विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि त्यांनी या यीस्टवरचे काम चालू ठेवले. हे यीस्ट पुण्याच्या राष्ट्रीय संग्रहात ३५८९ या क्रमांकाने ठेवलेले आहे. मुंबईच्या गटारगंगेत तगून राहिलेल्याला सरकारी खातेक्रमांक मिळाला, याचा मला उगाच आनंद झाला.

असो. निफाडच्या टाकीकडे येतो.

ताई पोहोचण्याआधीच मालकांनी घाईघाईत परदेशी यीस्टचे नवे पाकीट फोडून थेट टाकीत ओतले होते. महागाची चीज. दुसऱ्या दिवशी काचेवर जवळजवळ सगळे निळे. आतल्या अल्कोहोलचा धक्का त्या ताज्या पेशींना सोसला नव्हता. जुन्या पेशींत मात्र बिनरंगाच्या बऱ्याच होत्या. ताई म्हणाली, "मेल्या नाहीत काका, बसल्यात. पण त्या आता उठायच्या नाहीत. नव्या आणाव्या लागतील, आणि त्यांना सवय करून द्यावी लागेल."

"किती दिवस?"

"चार-पाच."

तारीख २७ मार्च होती. ३१ ला वर्षअखेर. मला त्या टाकीतला माल 'चांगला' असे लिहून द्यायचे होते. मालकांचा चेहरा माझ्याकडे, माझा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मी म्हणालो, लवकर नाही का होणार? ती पोर माझ्या मुलीच्या वयाची. पण तिने मान हलवली ती शाखाधिकाऱ्यासारखी. "घाई केली की काय होतं ते काल बघितलंत ना."

मग तिने कोमट पाण्यात वीस मिनिटे यीस्ट भिजवले. वाळलेल्या यीस्टचा जीव ट्रेहॅलोज नावाच्या एका साखरेने धरून ठेवलेला असतो, त्याला पाणीही हळूच द्यावे लागते. ते थोड्या गोड रसात वाढवले. त्यात टाकीतली अडलेली वाइन आधी घोटभर घातली. बुडबुडे येताहेत असे पाहून आणखी. मग बादलीभर, मग पिंपभर. प्रत्येक वेळी काच, निळा रंग, मोजणी. वहीत दोन रकाने. रात्री ती तिथेच सतरंजीवर झोपायची. पाचव्या दिवशी तो सगळा घाट मोठ्या टाकीत सोडला. मी ३१ तारखेच्या तक्त्यात त्या टाकीपुढे 'प्रक्रिया सुरू' असे लिहिले, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते खरे ठरले. साखर संपली. मालकांनी शाखेत पेढे आणले.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती आजवर शंभर वेळा सांगितली असती.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला. जगभर आधीच मंदी पसरत होती. हॉटेले ओस पडली आणि वाइनचा उठाव गेला. नाशिक जिल्ह्यातल्या अनेक वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. नव्या हंगामाची द्राक्षे घ्यायला जागा नाही आणि शेतकऱ्यांना द्यायला पैसे नाहीत. आमच्या खातेदाराचे स्टॉक स्टेटमेंट जानेवारीत आले, त्यात सारे स्पष्ट दिसत होते. माल हललेला नव्हता. हप्त्यांची मुदत वाढवून, व्याजाचा भार थोडा पुढे ढकलून कर्जाची फेरमांडणी करण्याचा प्रस्ताव मी तेव्हाच वर पाठवू शकलो असतो. पाठवला नाही. शाखेच्या आकड्यांत ते बरे दिसले नसते, आणि जूनमध्ये माझी बदली होणार होती. आणखी एक तिमाही निघेल असे मी स्वतःला सांगितले. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक. नियम साऱ्यांना ठाऊक. तसे ते झाले, आणि एका सोमवारी वरून आदेश आला, मर्यादा गोठवा. त्या दिवशी त्यांचे मजुरीचे धनादेश परत गेले. सह्या माझ्याच.

हे रूपक मला ताणायचे नाही. यीस्टवर कोणी नोटिसा बजावत नाही आणि बँकेला पेशीसारखे वागता येत नाही. ठेवीदारांचे पैसे असतात. तो धंदा एरवीही बुडाला असता, असे माझे सहकारी आजही म्हणतात, आणि ते कदाचित बरोबर असतील. मला फक्त एवढे ठाऊक आहे, की जानेवारी ते सोमवार यांच्यामध्ये दिवस होते, आणि ते हातात असताना मी काही केले नाही.

ताई आता एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. गेल्या पावसाळ्यात नाशिक रोडला भेटली. तिनेच ओळखले. मुलांकडून अजून तीच मोजणी करून घेते, म्हणाली. यंत्रे आलीत, पण डोळ्यांनी बघायलाच लावते. मी विचारले, मालक भेटतात का? ती म्हणाली, "तुम्हीच जा की काका. ते काही बोलणार नाहीत."

गेलो. काही बोलले नाहीत खरेच. चहा झाला. वाइनच्या वेली उपटून पुन्हा थॉमसन लावलेला आहे; शेड आता द्राक्षाचे खोके भरायला वापरतात. दोन टाक्या एका डेअरीवाल्याने नेल्या. दहा हजार लिटरची ती मात्र विहिरीच्या बाजूला उभी आहे, झाकणाला सुतळी बांधलेली. मी जवळ जाऊन हात लावला. गार होती.

"आत काय ठेवता?"

"पाणी," ते म्हणाले. "ज्या आठवड्यात रात्रीची लाइट असते ना, तेव्हा भरून ठेवतो. सकाळी ठिबकला सोडतो."